फाडायला सांगितलेली साडेतीन पानं

काका,

तुम्ही सांगत नसताना मी पहिल्यांदाच काही लिहायला बसलेय. कागद तुमचाच आहे. तुर्भ्याच्या प्रेसवाल्याने पाठवलेल्या प्रुफांची पाठकोरी पानं. मृदुलाताईंनी ती रद्दीत काढली होती, मी मागून घेतली.

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. ताई परवा दुपारी विमानतळावर गेल्या. आज मी फ्लॅटची किल्ली सोसायटीच्या ऑफिसात दिली आणि चालत बोनकोड्याला घरी आले. आता तीन वाजलेत. या वेळेला आपण कामाला बसायचो. रडू येत नाही. अंग मात्र असं जड झालंय, जणू तुमची सगळी पुस्तकं मी एकटीनेच जिन्यावरून खाली आणली. तशी आणलीच म्हणा, लिफ्ट बंद होती.

हे कुणाला दाखवायचं नाही. पण तुम्हाला एक सांगायचं राहिलंय, आणि ते तोंडाने सांगायची वेळ गेली.

मी तुमच्याकडे आले ती पोळ्यांना. तेव्हा काकू होत्या. तुम्ही आतल्या खोलीत लाल पेन घेऊन बसलेले असायचात. मला वाटायचं, हे मास्तर असणार, पोरांचे पेपर तपासतात. काकू हसल्या. "अगं, पोरांचे कसले! मोठमोठ्या कंपन्यांचे साहेब इंग्रजीत लिहितात ना, छापायच्या आधी हे त्यांच्या चुका काढतात." साहेब लोकही चुकतात याचंच मला नवल वाटलं होतं.

मग काकू गेल्या, आणि वर्षभरात साखरेने तुमचे डोळे नेले. कडेचं दिसायचं, मधलं नाही. मी दाराच्या कोणत्या बाजूला उभी आहे ते कळायचं, माझं तोंड दिसायचं नाही. प्रेसवाला काम पाठवायचं थांबवणार होता. तेव्हा तुम्ही मला हाक मारलीत.

"कमल, एबीसीडी येते का?"

"येते. माझी पिंकी पहिलीला होती तेव्हा तिच्या पुस्तकातून शिकले. पण वाचता नाही येत, काका. माझी चौथी झाली नि शाळा सुटली. इंग्रजी पाचवीला होतं."

"वाचायचं नाहीच. अक्षरं सांगायची, एकेक. अर्थ कळत नाही ते उलट बरं. अर्थ कळणाऱ्याला चूक दिसत नाही, त्याला तिथे जे असायला हवं तेच दिसतं."

प्रेसमध्ये असंच करतात म्हणालात. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापलेलं बघायचं, आणि वाचणाऱ्याने कॉमा, फुलस्टॉप सगळं तोंडाने म्हणायचं. आपल्यात बघणारा नव्हता, नुसता ऐकणारा होता, एवढाच फरक.

मला मोठ्याने बोलायची सवय नव्हती. पहिल्या दिवशी मी म्हणाले, "टी, एच, ई, जागा."

"कुणाला सांगतेयस? भिंतीला?"

"तुमालाच."

"मग मला ऐकू येऊ दे. डोळे गेलेत माझे, आता कान पण तूच घालवणार."

आमचे मालक मार्केटात माथाडी. त्यांना कळलं तेव्हा म्हणाले, "आता घरात इंग्लिशमधनं भांडशील व्हय?" त्या दिवशी पोळ्या लाटताना माझं मलाच हसू येत होतं.

काम चालता चालता मी तुम्हाला विचारायला लागले. दुसऱ्या कुणाला मी इतकं कधी विचारलं नसेल. "काका, हा आय एकटाच आहे आणि मोठा आहे. चूक का?"

"चूक नाही. त्यांच्यात मी मोठाच असतो. वाक्यात कुठेही बसव."

"आणि तू?"

"तू लहान."

"आणि तुम्ही?"

"तुम्हीसुद्धा लहान. तू आणि तुम्ही दोन्ही एकच."

मी विचारात पडले. मग तिकडची पोळ्यावाली आपल्या काकांना काय म्हणत असेल? तुम्ही म्हणालात, "तेच म्हणते. शब्दात सोय नाही, म्हणून बाकीच्या वाक्यात आदर घालावा लागतो. फार कटकटीची भाषा आहे बाई." आणि असं हसलात, जसं काही कटकट आवडीची होती.

तुमचे नियम मला पाठ झाले. एका वाक्याने एकच काम करावं. दोनदा सांगितलेल्यातलं एक मेलं पाहिजे. 'अतिशय', 'मनापासून' हे शब्द गरम मसाल्यासारखे, ज्याची भाजी बिघडली त्याला लागतात. आणि पक्कं झालं की कच्चं फाडून टाकायचं, नाहीतर चुकून तेच मशीनवर जातं. हा शेवटचा नियम तुम्ही सगळ्यात कडक पाळायचात. मी आधीच कमी बोलणारी. तुमच्या हाताखाली अजून कमी झाले. बहिणीला मेसेज केला तरी आधी अर्धा पुसायची, मग पाठवायची.

आता ताईंच्या पत्राचं लिहिते. लिहायला बसले ते त्यासाठीच.

काकू वाशीच्या दवाखान्यात होत्या तेव्हा ताई कॅनडात होत्या. तुम्ही लेकीला एक मेसेज पाठवलात. तेव्हा तुमचे डोळे चांगले होते, तुम्ही स्वतः लिहिलात. त्यात काय होतं ते मला फार नंतर कळलं. आईला बरं नाही, काळजीचं कारण नाही. एवढंच. ताई निघाल्या त्या काकू गेल्याची बातमी ऐकून. आल्या तेव्हा आपण राख घेऊन परत आलो होतो.

वर्षाने त्यांचं पत्र आलं, इंग्रजीत, तुमच्या मोबाईलवर. तोपर्यंत तुमच्यासाठी वाचणारी मी झाले होते. दुपारभर मी एकेक अक्षर सांगत होते. थांबायला जागाच नव्हती, सगळं एका दमात लिहिलेलं. मला काहीच कळत नव्हतं, आणि तुम्ही खुर्चीत डोळे मिटून म्हणत होता, "इथे फुलस्टॉप हवा. हा शब्द परत आला. हे वाक्य कुठून सुरू झालं ते तिचं तिला माहीत नाही." पत्र संपलं. मग म्हणालात, "घे, लिही." आणि मी मोबाईलवर एकेक अक्षर दाबत गेले. मला वाटलं, उत्तर चाललंय. पाठवून झाल्यावर मी विचारलं, "ताईंनी काय लिहिलं होतं?"

"शिव्या."

"आणि आपण काय पाठवलं?"

"चुका."

तुम्ही मुलीला तिच्या पत्रातल्या चुकांची यादी पाठवलीत, काका. आणि ती माझ्या बोटांनी गेली. दुसरा बाप रागावला असता, नाहीतर रडला असता. तुमचा हात आपोआप लाल पेनाकडे गेला. मी त्या दिवशी भाजी फोडणीला टाकली ती करपली. तुम्ही जेवताना म्हणालात, "भाषा चुकीची होती. मजकूर बरोबर होता."

त्यानंतर ताईंनी तुम्हाला काही लिहिलं नाही. दिवाळीला माझ्या फोनवर फोन करायच्या, तुमच्या गोळ्या आणि साखर विचारायच्या. मी "बरे आहेत" म्हणायची. तुम्ही आतून विचारायचात, "कोण आहे?" मी म्हणायची, "ताई." तुम्ही म्हणायचात, "बरं." इतकंच.

या वर्षी तुम्ही स्वतःच म्हणालात, "कमल, मोठे कागद घे. मृदुलाला लिहायचंय. मोबाईलवर नको." त्या दिवशी तुम्ही एकेक वाक्य आधी मराठीत स्वतःशी बोलायचात, मग इंग्रजीत करून मला अक्षरं सांगायचात. म्हणून मला सगळं कळलं. माझ्या हाताने मी लिहीत असलेलं इंग्रजी मला कळलं, ते त्या एकाच दिवशी.

तुम्ही तिला सांगत होता की त्या मेसेजमध्ये आधी दुसरं वाक्य होतं. आई तुला बोलावते आहे, जमलं तर ये. मग तुम्हाला वाटलं, 'जमलं तर' म्हणजे भीक मागितल्यासारखं दिसतं. ते काढलंत. मग नुसतं 'बोलावते आहे' फार मोठं दिसायला लागलं, पोरगी घाबरेल. तेही काढलंत. उरलेलं वाक्य तुम्हाला स्वच्छ वाटलं, आणि तेच गेलं. आणि काकू रोज विचारायच्या, मृदुलाला कळवलंत का? तुम्ही म्हणायचात, कळवलं. ते खोटंही नव्हतं.

साडेतीन पानं झाली. माझी बोटं दुखायला लागली. तुम्ही म्हणालात, "आजचं बास. पत्र उद्या संपवू."

उद्या संपवलं नाहीत. उद्यापासून कापायला लागलात. रोज जेवण झालं की मी वाचायची, तुम्ही काढायचात, मी परत स्वच्छ लिहायची. तीन पानं झाली, मग दोन. 'माफ कर' च्या जागी तुम्ही एक शब्द घातलात, रिग्रेट. तो माझ्या ओळखीचा होता. कंपन्यांच्या पत्रांत यायचा, कुणाला नोकरी नाही म्हणून सांगताना. मी तसं बोलले. तुम्ही म्हणालात, "बरोबर शब्द आहे तो." शेवटी काकूंचं वाक्य गेलं, तेव्हा माझ्याने राहवलं नाही.

"काका, कोथिंबीर निवडताना आपण देठ टाकतो. तुम्ही पानंच टाकताय."

"कमल, तुला इंग्रजी येत नाही."

"नाही येत. पण कागद रिकामा होत चाललाय तेवढं दिसतंय ना मला."

दोन दिवस तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. चहा आणला तर टेबल दाखवायचात. तिसऱ्या दिवशी म्हणालात, "जास्त लिहिलं की माणूस स्वतःची बाजू मांडायला लागतो. मला बाजू मांडायची नाही." कधी वाटतं, तुमचंच खरं होतं. कधी वाटतं, ती बाजू तुमची नव्हतीच, काकूंची होती, आणि ती कापायचा हक्क तुम्हाला नव्हता.

शेवटी चार ओळी राहिल्या. तुम्ही सही केलीत, ती कागदाच्या बाहेर टेबलावर गेली. म्हणालात, "सोमवारी पोस्टात टाक. आणि आधीचं सगळं फाड." मी "हो" म्हटलं. रविवारी मी पोळ्या करून गेले. सोमवारी सकाळी माझ्याकडच्या किल्लीने दार उघडलं तर तुम्ही खुर्चीत होता.

फाडलं नव्हतं. मधली मधली सगळी फाडली, पहिली साडेतीन पानं नाही. खरं सांगते, मोठा विचार करून नाही. ते अक्षर माझं होतं. इंग्रजीतली इतकी पानं माझ्या हातची, आणि माझी चौथी झालेली. पिठाच्या डब्याखाली ठेवली होती.

आणि आणखी एक, जे तुम्हाला कधीच बोलले नाही. काकू दवाखान्यात होत्या तेव्हा ताईंचा नंबर माझ्याकडेही होता. मला कामाला ठेवलं तेव्हाच त्यांनी दिला होता, काही लागलं तर सांगा म्हणून. काकू तुम्हाला दिवसातून एकदा विचारत असतील, मी डबा घेऊन गेले की मला दहादा विचारायच्या. मला फोन लावता आला असता. पण मी कोण, घरच्यांच्या मध्ये पडणारी? आणि फोनवर बोलायचं म्हटलं की माझा घसा बंद होतो. तुम्ही वाक्य कापलंत, मी ते उच्चारलंच नाही. तुमच्यावर राग धरून मी हे तुमच्यामागे झाकून ठेवलं होतं.

ताई आल्या. सगळे विधी त्यांनीच केले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना तुमचं पक्कं पत्र दिलं. तुमचा नियम पाळला. त्यांनी उभ्यानेच वाचलं, घडी घातली.

"बाबांसारखंच आहे," म्हणाल्या. "एकदम क्लीन."

आणि कपाट आवरायला लागल्या. तोंडावर काही नव्हतं. मी ओट्यापाशी उभी होते. बोलायचं होतं. कुकरची शिट्टी झाली, मी गॅस बंद केला आणि घरी गेले. असली मी.

परवा त्यांचं विमान होतं. मी सकाळी पानं पिशवीत घालून नेली. बॅगा दारात लावलेल्या, टॅक्सी सांगितलेली. मी पानं पुढे केली.

"हे काय, कमलताई?"

"हे कच्चं आहे. काकांनी फाडायला सांगितलेलं. अक्षरात चुका असतील तर त्या माझ्या."

त्या वाचायला लागल्या. आधी उभ्याने, मग बॅगेवर बसून. वाचताना ओठ हलत होते. मी त्यांच्या बोटाकडे बघत होते, बोट ओळीवरून सरकत होतं. दुसऱ्या पानावर ते थांबलं आणि सरकेना.

"आईने बोलावलं होतं मला?"

"हो."

"मला वाटलं, तिलाच नको होतं मी यायला. ती कधी त्रास द्यायची नाही ना कुणाला. मला वाटलं, तीच म्हणाली असेल, नका सांगू पोरीला." त्या माझ्याकडे बघत होत्या. "तीन वर्षं मी हेच धरून बसले, कमलताई. बाबांवर ओरडत होते, पण आत हेच होतं."

टॅक्सीवाल्याचा फोन आला. त्यांनी कापला. मला वाटलं, झालं, एवढं पुरे. आता गप्प बसलीस तरी चालेल, कमल. पानं दिलीस, तुझं काम झालं. पण ते तुमच्यामागे झाकलेलं तसंच राहिलं असतं, आणि तुम्ही आता आड यायला उरला नव्हता.

"ताई, तुमचा नंबर माझ्याकडे पण होता," मी म्हटलं.

त्यांना आधी समजलं नाही. मग समजलं.

"तेव्हा? आई असताना?"

"हो. मी नाही लावला फोन."

"का?"

"भीती वाटली."

मी वाट बघत होते, ओरडतील म्हणून. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. फोन परत वाजला. त्यांनी घेतला आणि म्हणाल्या, "भैया, पंद्रह मिनिट रुको." मग बॅगेवरून उठल्या आणि खाली फरशीवर, भिंतीला टेकून बसल्या.

"बसा इथे," म्हणाल्या. "मी तुम्हाला काय म्हणावं ते मला आत्ता कळत नाही. ते नंतर बघू. आई काय काय म्हणायची ते सांगा. तिच्याच शब्दांत. सगळं."

मी बसले. सांगायला लागले. सांगितलं की काकू दारातल्या प्रत्येक नर्सला ताईंचं नाव सांगायच्या. रिक्षा थांबली की मला खिडकीत पाठवायच्या. एकदा म्हणाल्या, कमल, कुळथाचं पिठलं करून ठेव, ती दमून येईल, तिला बाहेरचं चालत नाही. मी दोन दिवस केलं. दोन्ही दिवस वॉचमनला दिलं. सांगितलं की शेवटच्या दुपारी त्या माझाच हात धरून 'मृदू, मृदू' म्हणाल्या आणि मी नाही म्हटलं नाही, मी 'ओ' दिली. हे मी मालकांनाही सांगितलं नव्हतं. मी काहीच्या काही क्रमाने सांगत होते, काका. आधीचं नंतर, नंतरचं आधी. पिठल्याचं तर तीनदा सांगितलं असेल.

त्यांनी मला एकदाही थांबवलं नाही. पंधरा मिनिटं कधीच होऊन गेली होती, खाली हॉर्न वाजत होता, आणि मी बोलतच होते.